साधं पाणी

हवालदार कुणाच्याही घरी पाणी पीत नसत. आता सांगा, आपल्याकडे माणूस दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, मग "कोण, कुठले, काय काम काढलंत" वगैरे. आणि हा गृहस्थ काय करायचा, तर हात जोडून म्हणायचा, "साधं पाणी न्हाई." मग खांद्यावरच्या खाकी झोळीतून स्वतःची बाटली काढायचा. घरातल्या बाईचा चेहरा उतरायचा. आपल्या घरचं चालत नाही की काय, असं कुणालाही वाटेल. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग भरपाई म्हणून मी दोन-दोन पेले प्यायचे आणि परतीच्या एसटीत माझे हाल व्हायचे.

हवालदार म्हणजे पोलीस नव्हेत. सैन्याच्या दवाखान्यात वीस-बावीस वर्षं जखमा बांधून ते निवृत्त झाले आणि आमच्या हॉस्पिटलात ड्रेसर म्हणून लागले. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कळंबोलीत, सिडकोच्या एका खोलीत. नाव होतं, मस्टरवर लिहिलेलंही होतं, पण सुपरिंटेंडेंटपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे हवालदारच म्हणायचे. मीही तेच म्हणते. मी तिथे समाजसेविका होते. चोवीस वर्षांची, हातात नवी कोरी डिग्री, आणि तोंडाला लगाम नाही. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. नवी मुंबई अजून अर्धी चिखलात आणि अर्धी नकाशात होती, आणि खाडीच्या कडेला आमचं ट्रस्टचं शंभर खाटांचं हॉस्पिटल.

आमचा दोघांचा मिळून एक विभाग होता. नाव भारदस्त, 'पाठपुरावा कक्ष'. जागा जिन्याखाली. हवालदार उभे राहिले की त्यांचं डोकं जिन्याला लागायचं, म्हणून ते कायम बसलेले किंवा बाहेर गेलेले. काम असं, की पोटात आतडं पिरगळतं, काळं पडतं आणि सर्जनला ते कापून टाकावं लागतं. काहींचं इतकं जातं की छोट्या आतड्यातलं जेमतेम दोन-तीन हात उरतं. उरलेल्याचं टोक पोटावर बाहेर काढतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. ऑपरेशन होतं चार तासांत. नंतर घरी गेलेल्या त्या माणसाला महिनोन् महिने जगवायचं कसं, ते आम्ही बघायचं.

"ऑपरेशन सायब करत्यात," हवालदार म्हणायचे. "माणूस आपण करायचा."

त्यांच्या झोळीत काय काय असायचं! मापाचा जग, कॉफीच्या रिकाम्या बाटलीत मीठ, दुसऱ्या बाटलीत खायचा सोडा, ग्लुकोजचा पुडा, आणि एक चमचा. त्या चमच्यावरून ते सुरीची पाठ फिरवायचे. "सपाट! डोंगर न्हाई पायजे." एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे ग्लुकोज, एक सपाट चमचा मीठ, अर्धा चमचा सोडा. हेच पेशंटचं पाणी. दिवसभर घोट घोट प्यायचं. साधं पाणी दिवसाला दोन पेल्यांच्या वर नाही, आणि जेवताना तर नाहीच.

आणि ते पाणी पेशंटला एकट्याला प्यायला ते लावत नसत. दोन पेले भरायचे. एक पेशंटला, एक स्वतःला. "पंगतीला बसल्यावानी प्यायचं. एकट्यानं औषध पितात." त्याची चव काय सांगू! मी एकदा हट्टानं घोटभर प्यायले आणि खिडकीतून थुंकले. हवालदार एका दिवसात चार घरं करायचे. चार घरी चार पेले, तोंड वाकडं न करता. वर मिशी पुसून म्हणायचे, "झ्याक हाय."

"कसं काय, बरं आहे ना?" असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. ते म्हणायचे, बरं आहे ना विचारलं की माणूस बरं आहे म्हणतो, मरत असला तरी म्हणतो. त्याऐवजी विचारायचे, "लघवी किती वेळा? रंग?" पेशंटलाच नाही, कुणालाही. एकदा आमच्या अकाउंटंटच्या मुलीच्या लग्नात, स्टेजवर, नवरदेवाच्या वडिलांनी सहज म्हटलं, उन्हानं जरा गळून गेल्यासारखं वाटतंय. झालं. हवालदारांनी अक्षता हातात धरून त्यांना लघवीचा रंग विचारला. जीभ दाखवा म्हणाले. आणि त्या भल्या गृहस्थांनी, फेटा बांधलेला, स्टेजवर जीभ दाखवली! फोटोत आलंय ते. आम्ही महिनाभर हसत होतो. तेव्हा मला हवालदार आवडायचे.

हिराच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हाही आवडायचे. हिरा पंचवीस-सव्वीसची, उरण रस्त्यावरच्या एका गावातली. गोदामात पॅकिंगला जायची. एके दिवशी पोटात दुखायला लागलं, गॅस झाला म्हणून दोन दिवस काढले, आणि आमच्याकडे आणली तेव्हा आतडं काळं पडलं होतं. दोन हात उरलं. घरात मायलेकी दोघीच. आईचा सगळा जन्म मिठागरात गेला होता. पायाच्या टाचा अशा भेगाळलेल्या की बघवत नसे. पण हात फिरवून बोलायची, हसायची. आम्हाला बघून तांब्या घेऊन आली, आणि हवालदारांनी हात जोडले.

"साधं पाणी न्हाई, मावशी."

"घरान आलेल्या वैऱ्याला पन आमी पानी देतो," ती म्हणाली. "तुमी नको बोलता?"

"वैऱ्याला द्या. मला नको."

हिरा खाटेवरून खुदकन हसली. तिथून त्यांचं जमलं. पडवीत आढ्याला मिठाची पोती तोलायचा जुना मोठा तराजू टांगलेला होता. हवालदारांचे डोळे चमकले. दर गुरुवारी हिराला त्याच्या पारड्यात मांडी घालून बसवायचे आणि दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायचे. हॉस्पिटलातून निघाली तेव्हा तेहेतीस किलो होती. सर्जन म्हणाले होते, चाळीस भरू दे, मग पिशवी काढून आतडं आत जोडून देतो. पावसाळ्यापर्यंत चाळीस. एवढं एकच काम होतं तिला, आणि आम्हाला.

पारड्यात बसली की हिरा ओरडायची, "आये, आज किती मीठ निघाला?"

"पौने पस्तीस," हवालदार म्हणायचे. "अजून पाच पायली टाक."

एकदा तिनं विचारलं, "किडनी बसवतात, तसा दुसऱ्याचा आतडा नाय बसवत?"

"बाहेरच्या देशात बसवाय लागलेत आता. सायबांनी पुस्तकात दाखवलं."

"मंग मी थांबतंय ना तोवर. ह्यो खारा पानी तरी सुटंल."

"कुठलं सुटतंय! नवं आतडं बसवलं की त्याच्यामागं मी आलोच बाटली घिऊन. आतडं बदललं म्हणून हवालदार बदलत न्हाई."

परवा-परवा मी आतड्याच्या प्रत्यारोपणानंतरच्या काळजीवर एका चर्चेला गेले होते. आता आपल्याकडेही करतात. एक तरुण डॉक्टर मुलगी फार छान समजावत होती. गोळ्या वेळच्या वेळी, ताप आला की लगेच फोन, वजन रोज, पिशवीत किती पडतं ते मापून, आणि मिठाचं पाणी. फार तहान लागली म्हणून भसाभस साधं पाणी प्यायचं नाही, ते जाताना अंगातलं मीठ घेऊन जातं, असं ती म्हणाली. पडद्यावर मापाचा जग होता, चमचा होता. सपाट. मी उठून बाहेर आले. शेजारच्या बाईंना वाटलं मला चक्कर आली.

मे महिन्यात हिरा साडेअडतीस किलो झाली. म्हणजे दीडच किलो राहिलं होतं. आणि त्याच मे महिन्यात मी सगळ्याचा सत्यानाश केला.

तो उन्हाळा फार कडक होता. गावात पाण्याचा टँकर एक दिवसाआड. बाहेर बाया हंडे भरताहेत, एकमेकींवर ओरडताहेत, पाणी सांडतंय, आणि आत ही मुलगी खाटेवर पडून ते सगळं ऐकतेय. तिची तहान भयंकर असायची. ओठांना पापुद्रे सुटलेले. साध्या पाण्याच्या दोन पेल्यांचे चार व्हायला लागले, म्हणून हवालदारांनी तेही बंद करून घरातला माठ शेजारच्या घरी नेऊन ठेवायला लावला होता. "समोर दिसला की जीव जातो पोरीचा," म्हणे. आई पाणी प्यायला शेजारी जायची, चोरासारखी. पिऊन यायची आणि तोंड पुसून घरात शिरायची.

एका गुरुवारी आम्ही पोचलो तर हिरा खाटेवर नव्हती. मागच्या दाराशी बसली होती. शेजारच्या माठावरचं ओलं फडकं तिनं कुठून तरी मिळवलं होतं आणि ती ते चोखत होती. डोळे मिटून. हवालदार गेले आणि त्यांनी ते फडकं तिच्या तोंडातून काढून घेतलं. हळूच घेतलं, हिसकावलं नाही, हे आज मला आठवतं. पण तेव्हा माझं डोकं फिरलं.

"तुम्ही माणूस आहात की कोण?" मी त्या अंगणात, सगळ्या बायांच्या समोर ओरडले. "एक पेला पाणी मागतेय ती!"

"बाई, ती तहान पाण्याची न्हाई. मिठाची हाय. साधं पाणी गेलं की पिशवीतनं दुप्पट जातं, वर अंगातलं मीठ घिऊन जातं. तहान आणिक वाढती." मग नेहमीचं पुराण, राजस्थानच्या छावणीतलं. उन्हात कवायत करून आलेली पोरं कशी बादलीबादली पाणी प्यायची आणि प्यालेलीच पोरं कशी पेटके येऊन आडवी व्हायची. मी ते पन्नास वेळा ऐकलं होतं. मला ती फौजी थाप वाटायची.

हिराच्या आईनं माझा हात धरला. "बाय, तुमी तरी सांगा त्याला. मी आई हाय. माझ्या हातान पोरीला पानी नाय देवाचा? ह्यो पाप कुठं फेडू?"

मला रडू आलं. खरं सांगते, खूप दया आली, आणि त्या दयेत मी स्वतःवर जरा खूशही होते. हॉस्पिटलात येऊन मी एका नवख्या डॉक्टरला विचारलं, "पेशंटला सारखी तहान लागते, अंग सुकलंय, तर पाणी द्यायचं ना?" तो म्हणाला, अर्थात द्यायचं. मी पिशवीचं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. डिस्चार्ज कार्डावर सर्जननं सगळं इंग्रजीत लिहिलं होतं. ते कार्ड मी उघडून बघितलं नाही. सर्जन मुंबईहून आठवड्यातून एकदा यायचे, त्यांची वाटही बघितली नाही. बसले आणि अर्ज लिहिला. माझं अक्षर सुरेख होतं. 'सदर कर्मचारी रुग्णास तहान लागली असता पाणी पिऊ देत नाहीत. घरातील पाण्याचा माठही त्यांनी बळजबरीने बाहेर काढावयास लावला आहे.' खाली हिराच्या आईचा अंगठा.

असं वाक्य कुठल्याही प्रशासकानं वाचलं तर तो काय करेल? हवालदारांना त्याच दिवशी घरभेटींवरून काढलं आणि ड्रेसिंग रूममध्ये बसवलं. त्यांना अर्ज वाचायला दिला होता. संध्याकाळी ते जिन्याखाली आले, झोळी माझ्या टेबलावर ठेवली, आतला चमचा काढून वर ठेवला. मला वाटलं, आता भांडतील. मी तयारीतच होते.

"बाई," ते म्हणाले, "एक शब्द राहिला लिवायचा. साधं. साधं पाणी."

"त्यानं काय मोठा फरक पडतो?" मी म्हटलं.

ते नुसतं "साडेअडतीस हाय ती. दीड राह्यलंय," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. माठ परत घरात आणायला लावला. पहिला पेला मी स्वतः भरला आणि माझ्या हातानं हिराला दिला. ती कशी प्यायली! हनुवटीवरून, गळ्यावरून पाणी ओघळतंय आणि ती हसतेय, तिची आई डोळ्यांना पदर लावतेय. "ताई, जन्मभर तुमचा नाव घेईन," हिरा म्हणाली. मी सांगितलं, लागेल तेवढं घे. तराजूत बसवणं मला अपमानाचं वाटायचं, तेही मी बंद केलं. आणि निघताना आईला सांगितलं, हवालदार आले तर दार उघडू नका.

मग आमच्याकडे कसलीशी तपासणी आली, कागदपत्रं लावायची होती, आणि मी तीन आठवडे फिरकले नाही. पाठपुरावा कक्ष! हवालदार रोज सकाळी ड्रेसिंग रूमकडे जाताना जिन्याखाली वाकून विचारायचे, "हिराची लघवी?" मी म्हणायचे, "उत्तम." मला काही माहीत नव्हतं. मी नुसतं त्यांना हरवायला म्हणायचे.

चौथ्या आठवड्यात गेले तेव्हा ओट्यावर, भिंतीकडेला, तीन बाटल्या ओळीनं ठेवलेल्या दिसल्या. भरलेल्या. बुचं घट्ट लावलेली.

"आयतवारी येतो तो," आई म्हणाली. "आमी दार नाय उघडत. तुमीच बोलला होता ना? बाहेर बसतो जरा वेल, मंग ठेवून जातो."

आत हिरा होती. मी तिला ओळखलं नाही म्हटलं तरी चालेल. डोळे खोल गेलेले, बोटं पेटक्यांनी वाकडी झालेली, उशाशी तांब्या. पाणी पिऊन पिऊन तिची तहान भागली नव्हती, आणि आई बिचारी देत होती, दिवसाला दोन-दोन कळशा. पिशवी तासातासाला ओतावी लागत होती. मी त्यांचा प्रश्न विचारला. माझ्या तोंडून त्यांचाच प्रश्न आला, लघवी किती वेळा.

"दोन दिस झालं, नाय झाली," आई म्हणाली.

सहा सीटर रिक्षा करून आम्ही तिला आणलं. सलाईन लावलं, पण मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं, त्यात दुसऱ्या दिवशी ताप भरला. मुंबईला हलवावं अशी अवस्था राहिली नाही. वजन एकतीस. निरोप गेल्यावर सर्जन रोज यायला लागले. आले त्या दिवशीच त्यांनी केस पेपर बघितला, माझा अर्ज मागवून घेऊन वाचला, आणि मला सगळ्या वॉर्डसमोर विचारलं, "डिस्चार्ज कार्ड वाचता येतं का तुम्हाला?" पुढे बरंच बोलले. ते जे बोलले ते सगळं हवालदारांनी मला अंगणात चार वाक्यांत सांगितलं होतं.

हवालदार मात्र काही बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्यानंतर आम्ही सहा वर्षं एकत्र काम केलं. त्यांना परत घरभेटींवर घेतलं, आणि पहिल्याच दिवशी ते जिन्याखाली वाकून म्हणाले, "चला बाई, ऐरोलीला एक नवा पेशंट हाय." जसं काही झालंच नव्हतं. कित्येकदा एसटीत शेजारी बसून मी मनात वाक्य जुळवायचे, हवालदार, माझं चुकलं, असं. पनवेल यायचं, कळंबोली यायची, ते उतरून जायचे. एवढी बडबडी मी, पण तेवढे तीन शब्द मला सहा वर्षांत बोलता आले नाहीत. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची फाईल माझ्याकडे आली. त्यात त्यांचं स्वतःचं तब्येतीचं कार्ड होतं. ब्लडप्रेशर, आठ वर्षांपासून. डॉक्टरांची सूचना लाल शाईत, खाली दोन रेघा मारून. मीठ पूर्ण बंद. मी ते कार्ड हातात घेऊन बसले. दिवसाला चार घरं, चार पेले. फाईल बंद केली आणि सही केली. वर्षभरानं ते झटक्यानं गेल्याचं कळलं. मी साताऱ्याला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

पण हे नंतरचं. चौथ्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

हिराला आणल्याचा चौथा दिवस, दुपारची चारची वेळ. ते चार दिवस मी तिच्या खाटेपासून हलले नव्हते. आता मला सगळं कळत होतं ना! मी पहारा देत होते. मिठाचं पाणी चमच्यानं मीच पाजायचे. चमचा सपाट करून मीच बनवायचे, दोनदा मोजून. तिच्या आईनं ओला रुमाल ओठांना लावला तर मी तो काढून घ्यायचे. ती माझ्याकडे बघत राहायची. हिरा अर्धवट ग्लानीत होती, मध्येच शुद्धीवर यायची आणि म्हणायची, "ताई, निस्ता एक घोट. साधा."

"उद्या देऊ," मी म्हणायचे. "लघवी सुरू झाली की देऊ."

हवालदार वॉर्डात आले. हातात स्टीलचा तांब्या, बाहेरून थंडाव्यानं ओलसर झालेला. व्हरांड्यातल्या माठाचं पाणी. दुसऱ्या हातात एक पेला.

मी उठले. "काय आहे ते?"

"पाणी."

"मिठाचं?"

"साधं."

मी खाटेच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले. दोन्ही हात आडवे केले. "साधं पाणी नाही, हवालदार! तुम्हीच सांगितलंत. नाही म्हणजे नाही!"

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला पुढची तीस वर्षं सोपी गेली असती.

"आता चालतंय, बाई," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मला वाटलं, रिपोर्ट बरा आला. मी हसले सुद्धा! "खरंच? लघवी सुरू होईल म्हणाले साहेब?" असं विचारलं. वॉर्डच्या दाराशी सर्जन उभे होते आणि जमिनीकडे बघत होते. हिराच्या आईला माझ्या आधी कळलं. ती मिठागरात राबलेली बाई, तिनं तोंडात पदर कोंबला. मग मी हात खाली घेतले.

हवालदार खाटेवर बसले. हिराच्या मानेखाली हात घालून तिला जरा वर केलं, पेला ओठांना लावला. "पी पोरी. पायजे तेवढं पी. आज मोजायचं न्हाई."

ती दोन घोट प्यायली. तिसरा गालावरून खाली गेला. तिनं डोळे उघडले.

"गोड हाय," ती म्हणाली. मग त्यांच्या रिकाम्या हाताकडे बघून म्हणाली, "तुमी?"

इतक्या महिन्यांची सवय. ती प्यायली की ते प्यायचे. पण पेला एकच आणला होता. हवालदारांना काय करावं सुचेना. तेव्हा हिराची आई पुढे आली. तिनं पदरानं डोळे पुसले, तांब्या उचलला, तोच पेला विसळला, काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे धरला. पहिल्या दिवशी धरला होता तसा.

"पानी घ्या," ती म्हणाली.

हवालदारांनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा प्यायले. हिरा बघत होती. मी तिथेच, खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मला कुणी पाणी विचारलं नाही.